तबकडीतला ढोल

चौपदरी घडी घातलेली काळी घोंगडी, तिच्यावर एक लाकडी पेटी, पेटीत फिरणारी काळीभोर तबकडी, आणि पश्चिमेच्या खिडकीतून येऊन तिच्यावर पडलेली उन्हाची एक तिरपी पट्टी... तबकडी फिरत होती, पण ऊन मात्र जागच्या जागी थरथरत होतं. विहिरीच्या पाण्यावर थरथरतं तसं. बालपण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे सर्वांत आधी हेच दृश्य उभं राहतं. मग हळूहळू वास येऊ लागतात – घोंगडीच्या लोकरीचा उग्र, उबदार वास. पेटी तापली की तिच्या आतून येणारा धुळीचा करपट वास. आणि या सगळ्यावर पसरलेला, शेजारच्या बराखीत साठवलेल्या कांद्याचा तो गोडसर, डोळ्यांच्या कडांना चुरचुरणारा दर्प.

पिंपरी पेंढारला आमच्या रानात विहिरीजवळ दोन खोल्या होत्या. पूर्वी तिथे मोटरीचं सामान, खताची पोती आणि मेंढरांची लोकर असायची. मी चौथीतून पाचवीत गेले त्या वर्षी त्या खोल्या रिकाम्या करून सारवल्या गेल्या आणि तिथे सिंधूआत्या राहायला आली. तिच्याबरोबर तिचा नवरा, आगुस्तीनमामा. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, दादांची, थोरली बहीण. ती मुंबईच्या एका इस्पितळात परिचारिका होती, एवढंच मला तोवर ठाऊक होतं. घरात तिचं नाव निघालं की बोलणारं माणूस आप्पांच्या खाटेकडे पाहून गप्प होई.

आप्पा माझे आजोबा. आमच्या घराण्यात शेती आली ती त्यांच्याच हयातीत. त्याआधीच्या पिढ्या मेंढरांमागे रानोमाळ फिरलेल्या. सत्तरी ओलांडली तरी दहा-पंधरा मेंढरं त्यांनी हट्टाने ठेवली होती, आणि तरुणपणी पंचक्रोशीतल्या यात्रांमध्ये धनगरांच्या गजी नाचाला त्यांचाच ढोल लागे, असं लोक सांगत. सिंधूआत्या त्यांची लाडकी. वस्तीतली शिकलेली ती पहिली मुलगी. ती पुण्याला परिचारिकेचं शिक्षण घ्यायला निघाली तेव्हा तिची पत्र्याची पेटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन आप्पा जुन्नरच्या एसटी स्थानकापर्यंत चालत गेले होते. आणि त्याच आत्याने मुंबईत एका गोव्याच्या ख्रिस्ती वादकाशी लग्न केल्याचं पत्र आलं, तेव्हा त्यांनी ते ऐकून घेतलं, काठी उचलली आणि मेंढरांमागे निघून गेले. त्यानंतर सव्वीस वर्षं ते लेकीशी एक शब्दही बोलले नव्हते.

आत्या निवृत्त झाली, इस्पितळाची राहायची जागा सोडावी लागली, तेव्हा दादा मुंबईला जाऊन दोघांना घेऊन आले. आप्पांनी विरोध केला नाही. ते इतकंच म्हणाले, "रान तुझं हाये. माझी खाट तेवढी फिरव." मग दादांनी ओसरीवरची त्यांची खाट अशी फिरवून ठेवली की उशाला टेकून बसलं तरी विहिरीजवळच्या खोल्या दिसू नयेत.

आगुस्तीनमामा दिसायला सडपातळ, कपाळ मोठं, केस पांढरेशुभ्र. उन्हातून जाताना ते डोक्यावर रुमाल न बांधता टोपी घालत, आणि रानात जातानाही बूट. त्यांचं मराठी मुंबईच्या गिरणगावात शिकलेलं, कोकणीच्या हेलाचं. मला ते "गो मनीषा" अशी हाक मारत. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नसत. चहाचा कप ते उजव्या हाताने धरत आणि डावा हात मांडीवर पालथा ठेवत, जणू तो दुसऱ्या कुणाचा असून त्यांच्याकडे सांभाळायला दिला आहे.

त्यांच्या सामानात फार निगुतीने आणलेली एक वस्तू होती. जाड पुठ्ठ्याचं, कडांना झिजलेलं एक मोठं चौकोनी पाकीट आणि त्याच्या आत ती तबकडी. पाकिटावर एक चित्र होतं. करड्या पोशाखातली एक बाई भल्यामोठ्या काळ्या पियानोपाशी पाठमोरी बसलेली, चेहरा अर्धाच वळलेला. आणि पियानोच्या उघड्या झाकणावर हात ठेवून उभे असलेले एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ. खाली सोनेरी अक्षरांत त्यांची नावं. ती परदेशी नावं मामांनी मला अनेकदा वाचून दाखवली, पण माझ्या जिभेवर ती कधी नीट बसली नाहीत. आमच्या बोलण्यात ती दोघं, पियानो वाजवणाऱ्या 'बाई' आणि छडीच्या इशाऱ्याने सगळ्यांना वाजवायला लावणारे 'छडीवाले साहेब' होऊन गेली.

"ह्यात मी आहे," मामा पहिल्या दिवशी म्हणाले.

मी चित्र निरखून पाहिलं. मग पाकीट उलटून मागची बारीक अक्षरं पाहिली. "कुठं?"

"नाव नाही गो. सत्तर माणसांची नावं कोण छापणार? पण आत आहे."

हळूहळू, कांदे निवडताना, विहिरीच्या कठड्यावर बसून, त्यांनी मला सगळं सांगितलं. तरुणपणी ते गोव्याहून मुंबईला आले, तिथून बोटीवरच्या बँडमध्ये लागले, आणि एका हिवाळ्यात विलायतेच्या एका बंदरात बोट दुरुस्तीला थांबली ती त्यांना सोडूनच पुढे गेली, कारण त्या गावच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवणारा माणूस हवा होता आणि मामांनी परीक्षा देऊन ती जागा मिळवली होती. व्हायोला म्हणजे व्हायोलिनहून थोडं मोठं, थोडं घोगरं वाद्य. सहा वर्षं ते तिथे होते. त्या सहा वर्षांतल्या एका आठवड्यात ही तबकडी झाली. तिच्या दोन बाजूंना दोन रचना. एक उत्तरेकडच्या बर्फाळ, डोंगराळ मुलखातल्या तरुणाने लिहिलेली. दुसरी एका जर्मनाने, आपल्या पियानो वाजवणाऱ्या पत्नीसाठी. दोघांनाही जाऊन फार वर्षं लोटलेली. अशा रचनेत पियानो एका बाजूला आणि सगळा वाद्यवृंद दुसऱ्या बाजूला. कधी दोघं एकमेकांशी बोलतात, कधी भांडतात, कधी एक जण बोलायचा थांबतो आणि दुसरा नुसता ऐकत राहतो.

पुढे वडील आजारी पडले म्हणून मामा परत आले, मुंबईत सिनेमाच्या गाण्यांना वाजवू लागले, आणि एका सकाळी टॅक्सीच्या दारात त्यांचा डावा हात चेंगरला. इस्पितळात दोन महिने रोज त्या हाताची मलमपट्टी करणारी परिचारिका म्हणजे आमची सिंधूआत्या. हात वाचला, दोन बोटं मात्र कायमची गेली. त्यानंतर मामा स्वरलिपीच्या नकला करून देण्याचं काम करत राहिले. म्हणजे त्यांच्या धडधाकट बोटांनी वाजवलेलं, ज्याला ते आपलं म्हणत असं सारं, त्या एका काळ्या तबकडीत उरलं होतं... आणि ती वाजवायची पेटी मात्र मुंबईहून येताना ट्रकच्या हादऱ्यांनी बंद पडली होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा आणि मी एसटीने पेटी घेऊन आळेफाट्याला गेलो. तिथे ट्रकच्या गॅरेजांच्या रांगेत, ग्रीस आणि तापल्या रबराच्या वासात, रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचं दुकान होतं. त्याने पेटी उघडली, आतला चिरलेला रबरी पट्टा बोटावर घेऊन पाहिला आणि म्हणाला, "ह्यो आता मिळायचा न्हाई, पावणं. कंपनीच बंद झाली असंल." मामा स्टुलावर बसले. तेव्हा त्या माणसाने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, शेजारच्या गॅरेजातून सायकलीची जुनी ट्यूब आणली, तिच्यातून ब्लेडने एक बारीकशी गोल कडी कापली, घासून घासून गुळगुळीत केली आणि पट्ट्याच्या जागी चढवली. असे पाच पट्टे त्याने कापले. चार तुटले, पाचवा टिकला. पेटी फिरू लागली, तेव्हा मामांनी आपलं मनगटी घड्याळ काढून समोर ठेवलं आणि एका मिनिटात किती फेरे होतात ते मोजलं. "बरोबर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा कापला की दुकानदाराने मान वळवून पाना शोधायला सुरुवात केली.

पण घरी आल्यावर नवीनच अडचण निघाली. आमच्याकडे वीज आली की आजूबाजूच्या सगळ्या विहिरींवरच्या मोटरी एकदम सुरू होत, दिवे पिवळे पडत, आणि पेटीचा वेग मंदावे. पहिल्यांदा तबकडी लावली ती अशाच वेळी. जे ऐकू आलं ते म्हशीच्या रेकण्यासारखं होतं. मामांनी दात दुखावा तसा चेहरा करून सुई उचलली. "पूर्ण सूर खाली गेला. असं ऐकायचं नाही गो. त्या बाईंचा अपमान होतो."

यावर उपाय आत्याने काढला. आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारनंतर वस्तीतली बहुतेक माणसं बाजाराला जात, मोटरी बंद असत, आणि वीज असलीच तर ती पुरेपूर असे. म्हणून बाजाराचा दिवस हा आमचा तबकडीचा दिवस ठरला. त्या दिवशी दुपारी मी हातपाय धुऊन, वेणी घालून विहिरीजवळच्या खोलीत जायची. मामा स्वच्छ सदरा घालून तयार असत. पेटी हलू नये म्हणून आत्या घोंगडी चौपदरी घालून देई. मग मामा तबकडी पाकिटातून काढत – दोन तळव्यांच्या मध्ये, बोटांचा स्पर्शही न होऊ देता – आणि मऊ फडक्याने ती पुसून घेत.

त्या पहिल्या दुपारची नीट आठवण सांगायची तर मला अजूनही शब्द कमी पडतात. सुई टेकली, थोडी खरखर झाली, आणि त्या खरखरीच्या मागून कुठून तरी, फार दुरून, एक घुमणं येऊ लागलं. आधी ते ऐकू येत नव्हतं, जाणवत होतं; घोंगडीवर टेकलेल्या माझ्या तळहाताला जाणवत होतं. मग ते वाढलं, वाढत गेलं, माळशेजच्या बाजूने वळीव यावा तसं जवळ आलं, आणि ते फुटणार असं वाटत असतानाच वरून पियानो कोसळला. दुसरा शब्द मला सुचत नाही. कड्यावरून पाणी कोसळावं तसे ते स्वर उंचावरून खाली, आणखी खाली, अगदी तळापर्यंत धावत आले, आणि तळाशी येऊन थांबले. एका माणसाच्या दोन हातांना हे साधतं, हे मला खरं वाटेना. मी पाकिटावरच्या त्या अर्ध्या वळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती शांत बसलेली होती.

"बाईंचे हात लहान होते," मामा हलकेच म्हणाले. "पहिल्या दिवशी आली तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं, हिला कसं जमणार म्हणून. हे मुद्रण झालं ते जुनं, वापरात नसलेलं चर्च होतं, थंडी मरणाची. ती गरम पाण्याचा टब मागवायची, त्यात हात बुडवून बसायची. कोणाशी बोलायची नाही. मग हात पुसून यायची आणि... हे असं."

त्या दुपारी मी दारातून बाहेर पाहिलं तेव्हा बांधावर आप्पा उभे होते. मेंढरं पुढे निघून गेली होती आणि ते काठीवर भार देऊन, पाठ आमच्याकडे करून उभे होते. तबकडीची बाजू संपली तेव्हा ते निघून गेले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते पुन्हा आले. या वेळी थोडे जवळ, बाभळीखाली. पाठ तशीच. तिसऱ्या वेळी मेंढरं नव्हतीच. आप्पा एकटेच आले, बाभळीखाली बसले आणि मला हाक मारली.

"मने, त्याला इचार, सुरवातीला ढोल वाजवतोय त्यो कोण."

खोलीचं दार आणि ती बाभूळ यांत वीस-पंचवीस पावलांचं अंतर होतं. मामांना प्रश्न ऐकू गेलाच होता. तरी मी आत जाऊन तो विचारला, कारण मला तसं सांगितलं होतं. मामाही माझ्याकडे पाहूनच बोलले.

"सांग त्यांना, टॉम नावाचा म्हातारा होता. तांब्याच्या मोठ्या हंड्यांवर कातडं ताणलेलं, तसले दोन-तीन ढोल. सगळ्यांच्या मागे, एकटाच उभा असायचा."

मी बाहेर जाऊन सांगितलं. आप्पा विचारात पडले. "कातडं कशानं तापवत व्हता? जाळावर का?"

मी आत गेले. "जाळ नाही," मामा म्हणाले, "चाव्या असतात कडेला. तो कान कातड्याला लावायचा, अगदी आईच्या छातीला पोराने लावावा तसा, आणि बाकी सगळे वाजवत असताना, त्या गोंगाटात, आपल्या ढोलाचा सूर हळूच बदलून घ्यायचा. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

आप्पांनी ते ऐकताना काठीच्या टोकाने मातीत एक गोल काढला. "लई अवघड हाये ते," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला, "इचार, वाजवायचं किती असतंया त्याला?"

"फार थोडं. अर्धा तास उभं राहून नुसतं मोजायचं. दोनशे मोजायचे, मग एक ठोका. चुकला तर सगळ्या जगाला कळणार."

अशी माझी ये-जा किती वेळ चालली असेल कोण जाणे. उन्हाची पट्टी तबकडीवरून भिंतीवर सरकली होती. मामा आता दारापर्यंत आले होते आणि उंबऱ्यावर बसून सांगत होते, पण सांगत होते मलाच. आणि मी दोघांच्या मधोमध उभी राहून त्याच शब्दांचा पुनरुच्चार करीत होते. ते सुरुवातीचं घुमणं ध्वनिमुद्रित करताना काय घडलं ते त्यांनी तेव्हा सांगितलं. छडीवाल्या साहेबांना ते अगदी शून्यातून उगवायला हवं होतं. त्यांनी टॉमला पुन्हा पुन्हा करायला लावलं. सात वेळा, आठ वेळा. कधी बाहेरून मालमोटार गेली, कधी कुणी खोकलं. आठव्या वेळेनंतर म्हाताऱ्याने काठ्या खाली ठेवल्या आणि शांतपणे सांगितलं, "मला हे एकदाच नीट जमणार आहे. तुमची सगळ्यांची तयारी झाली की सांगा." त्या थंड चर्चमध्ये सत्तर माणसं चिडीचूप झाली. पियानोच्या बाई उठल्या, चालत मागे टॉमकडे गेल्या, त्याचा हात हातात घेतला आणि परत येऊन बसल्या. मग साहेबांनी छडी उचलली.

"आणि ते हे," मामा म्हणाले. "तुम्ही ऐकलं ते."

'तुम्ही' म्हटलं होतं त्यांनी. मी तिथेच उभी होते, पण ते मला म्हटलेलं नव्हतं.

आप्पा काठीचा आधार घेऊन उठले. मला वाटलं निघाले. पण ते बाभळीखालून निघून सरळ दाराशी आले. पायातल्या वहाणा काढल्या. खोलीत वाकून शिरले, घोंगडीशेजारी भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "पावणं, परत लावा."

आमच्याकडे जावयाला पावणं म्हणतात. रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही म्हणतात. आळेफाट्याचा दुकानदारही म्हणाला होता. पण आप्पांच्या तोंडी त्या घटकेला तो शब्द कोणत्या अर्थाने आला हे त्या खोलीत सगळ्यांना समजलं. आत्या आतल्या दारात उभी होती, हाताला पीठ लागलेलं. तिने तो हात तोंडावर नेला, आणि गालावर पिठाचा ठसा उमटला ते तिला कळलं नाही.

मामांनी सुई ठेवली. पहिला भाग संपून दुसरा, संथ भाग सुरू झाला. त्यात आरंभी पियानो नसतो, फक्त तारांची वाद्यं, दबलेल्या आवाजात, धुक्यातून चालल्यासारखी.

"तुमी कुठं हाये ह्यात?" आप्पांनी विचारलं.

"हे आता वाजतंय ना खालचं, मधलं... वरचं चाललंय ते नाही, त्याच्या खाली. तिथे आम्ही दहा जण. त्यात मी. थांबा हं..." मामांनी बोट वर केलं. तारांचं वादन विरत आलं, पियानो अजून यायचा होता, आणि त्या नाजूक शांततेत लाकडाचा एक बारीक, स्पष्ट आवाज आला – कर्र.

"तो मी," मामा म्हणाले. "माझी खुर्ची. पाय आखडला होता, हलवला. साहेबांनी असं बघितलं की मला वाटलं, आज आपली नोकरी गेली. ते पुन्हा घ्या म्हणाले. पण बाईंनी नको म्हटलं. ह्या वेळी सगळं जसं हवं तसं झालंय, राहू दे म्हणाली. म्हणून राहिलं."

आप्पा एकदम हसले. त्यांचं हसू मी क्वचितच पाहिलं होतं. त्यात वरचा एक दात नव्हता हेही मला तेव्हाच दिसलं. "आमच्या गजात बी मधल्या रांगेतली माणसं कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाईत," ते म्हणाले. "पर मधला चुकला की म्होरला बी पडतो."

पियानो आला. अगदी हलकेच, वरून खाली उतरत, एखाद्याने झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. तबकडीची बाजू संपली, सुई मधल्या गोलाशी खट्-खट् करीत राहिली, आणि ती उचलायला मामांना भान नव्हतं. तेव्हा आप्पांनी आतल्या दाराकडे न पाहताच म्हटलं, "सिंधे, च्या ठेव."

सव्वीस वर्षांनंतर बोललेले हे शब्द. आत्या आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, मग तो थांबला, आणि बराच वेळ काहीच आवाज आला नाही. आजी आता हयात नव्हती, आई बाजाराला गेलेली. मी आत जाऊन पाहिलं तर आत्या चुलीच्या ओट्याला डोकं टेकून उभी होती. मीच चहा केला. साखर जास्त झाली. चौघांनी तो तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी दादांनी ओसरीवरची खाट फिरवायला हात लावला तर आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. म्या तिकडंच बसतो की आता."

त्यानंतर अडीच वर्षं बाजाराचा प्रत्येक दिवस आमचा झाला. दोन्ही बाजू, ओळीने. जर्मनाची रचना आप्पांना फारशी भावली नाही, त्यात ढोलाला काम कमी. पण ती आत्याची आवडती होती. मामा मला ऐकायला शिकवत होते हे मला तेव्हा कळलं नाही. आज पियानो नको ऐकू, म्हणायचे, आज फक्त बासरी शोध. आज फक्त माझी मधली ओळ. आणि मग एका दुपारी मला ती सापडली – सगळ्या स्वरांच्या खाली, घोगरी, समंजस, कुणाचं लक्ष नसताना घर सावरून धरणाऱ्या माणसासारखी. ती एकदा ऐकू आल्यावर मला पुन्हा कधी ऐकू न आल्याचं आठवत नाही. मी रडले.

मी सातवीत असताना, माघातल्या एका सकाळी मामा विहिरीवर तोंड धुताना खाली बसले आणि उठलेच नाहीत. आत्याने नाडी पाहिली, छाती दाबली, तिला येत होतं ते सगळं केलं. मग त्यांचा तो वळत नसलेल्या बोटांचा हात पदराने पुसून मांडीवर घेऊन बसून राहिली.

प्रश्न उभा राहिला तो त्यांना न्यायचं कुठे याचा. ते ख्रिस्ती, त्यांना पुरायचं. आसपास त्यांची दफनभूमी नव्हती. कुणी म्हणालं नगरला न्या, कुणी म्हणालं मुंबईला. वस्तीतली दोन-चार जाणती माणसं अंगणात येऊन हळू आवाजात बोलत होती. गावच्या रानात असं कसं चालेल, असंही एक जण म्हणाला. दादा उत्तर शोधत होते.

आप्पा ओसरीवरून उतरले. "आमच्या वाडवडलांस्नी मातीच दिली," ते त्या माणसांना म्हणाले. "मेंढरामागं हिंडणाऱ्याला कुठलं सरपण आन् कुठला घाट? जिथं पडला तिथं ठिवला, दगूड लावला, म्होरं गेलं. माझा आजा कुठल्या रानात हाये मला ठावं न्हाई. ह्ये तर आपलं रान हाये." आणि मग, अगदी साधेपणाने, "घरचं माणूस हाये. घरच्या रानात ऱ्हाईल."

पंचायतीचा कागद दादांनी आणला. नगरहून एक पाद्री आले, आपल्या पुस्तकातून मराठीत वाचलं. खड्डा वस्तीतल्या माणसांनीच खणला, आणि जो आधी हरकत घेत होता त्याच्याही हातात फावडं होतं. त्या रानात नुकताच कांदा लावलेला होता. रोपं जपून पाय टाकत सगळे बांधावर परतले.

या सगळ्याला आता पंचवीसहून अधिक वर्षं झाली. मी मंचरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. ध्वनीचा पाठ आला की वर्गात काही क्षण माझा आवाज जरा निराळा होतो, असं विद्यार्थी म्हणतात. तबकडी माझ्याकडे आहे. तिच्यावर आता इतक्या रेघा आहेत की सुई ठेवायला धीर होत नाही. त्या दोन रचना मी फोनवर इतरांच्या हातून कितीतरी वेळा ऐकल्या आहेत. मोठे, नावाजलेले वादक, स्वच्छ, निर्दोष ध्वनिमुद्रणं. संथ भागात पियानो येण्याआधीच्या त्या शांततेत मी दर वेळी नकळत थांबते... आणि तिथे काहीच वाजत नाही.

आप्पा मामांनंतर चार वर्षांनी गेले. मला जाळू नका, पावण्याच्या शेजारी ठेवा, असं त्यांनी दादांना आधीच बजावून ठेवलं होतं. आत्या मात्र पुष्कळ जगली. परवाच्या मार्गशीर्षात गेली, शांतपणे. आता विहिरीपलीकडच्या त्या तुकड्यात तीन दगड आहेत, शेंदूर नाही की क्रूस नाही, दर पावसाळ्यानंतर दादा त्यांना चुना देतात. यंदा मी गेले तेव्हा नांगरट चालू होती. ट्रॅक्टरवर नवा पोरगा होता, बोरी बुद्रुकचा, त्याला रान ठाऊक नव्हतं. दादा बांधावर उभे राहून त्याला हाताने दाखवत होते.

"त्या कडंच्या पावण्यापाशी उचल नांगर," ते सांगत होते. "मग आप्पा. मग आत्याच्या म्होरं गेल्यावर सोड."

पोराने मान डोलावली आणि गिअर टाकला.